निळा एलईडी, पिवळी पावडर आणि बेंझिलअमिन

फोटोकॅटॅलिसिसवर (उजेडाच्या मदतीने रिॲक्शन चालवणाऱ्या कॅटॅलिस्टवर) पीएचडी करतेय म्हटलं की लोकांना एक तर सोलर पॅनेल आठवतं नाहीतर पाणी शुद्ध करायचं मशीन. आमचं काम दोन्ही नाहीये. आम्ही उजेड वापरून ऑरगॅनिक कंपाउंड बनवतो, म्हणजे नॅनो साइजची एक पावडर सॉल्व्हंटमध्ये ढवळत ठेवायची, त्यात स्टार्टिंग मटेरियल टाकायचं, ऑक्सिजनचा फुगा लावायचा, वरून निळा उजेड सोडायचा आणि संध्याकाळपर्यंत प्रॉडक्ट तयार. ऐकायला एवढंच. पण ह्यात प्रॉडक्ट मिळणं हा सोपा भाग आहे, ते प्रॉडक्ट नक्की कशामुळे मिळालं हे दाखवणं अवघड, आणि माझा बहुतेक वेळ त्यातच गेलाय म्हणून हे सगळं नीट लिहायला बसले. नवीन कोणी ह्या विषयात येत असेल तर उपयोग व्हावा.

थोडं बॅकग्राउंड. 1972 मध्ये फुजिशिमा आणि होंडा ह्या जपानी जोडीने टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेड टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, तिथून हे सगळं क्षेत्र जोरात सुरू झालं. प्रॉब्लेम असा की टायटॅनियाचा (म्हणजे ह्याच टायटॅनियम डायऑक्साइडचा) बँडगॅप, म्हणजे पावडरमधला इलेक्ट्रॉन उठवायला लागणारी कमीत कमी ऊर्जा, 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट. 1240 ला बँडगॅपने भागलं की किती नॅनोमीटरपर्यंतचा उजेड चालेल ते कळतं, इथे ते 387 येतं, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट. सूर्यप्रकाशात अल्ट्राव्हायोलेट जेमतेम चार-पाच टक्के, बाकीचा सगळा उजेड टायटॅनियाच्या दृष्टीने वाया. म्हणून जगभर दिसणाऱ्या उजेडात चालणाऱ्या पावडरी शोधणं चालू झालं: कॅडमियम सल्फाइड, पेरोव्हस्काइट, सोन्याचे नॅनोपार्टिकल, क्वांटम डॉट (ज्यांच्या शोधाला 2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं). सरांनी माझ्यासाठी कार्बन नायट्राइड निवडलं. त्यात कॅडमियम नाही, शिसं नाही, महागडं रुथेनियम नाही, फक्त कार्बन आणि नायट्रोजन, थोडा उरलासुरला हायड्रोजन. बँडगॅप 2.7, म्हणजे 460 नॅनोमीटरपर्यंत चालतं, निळ्या एलईडीच्या बरोबर टप्प्यात. 2009 मध्ये जर्मनीतल्या अँटोनिएटीच्या ग्रुपचा ह्यावरचा पेपर आला आणि तेव्हापासून ही पिवळी पावडर सगळीकडे झाली.

बनवायची पद्धत कागदावर दोन ओळींची आहे. मेलामाइन घ्यायचं, झाकणाच्या क्रुसिबलमध्ये भरायचं, मफल फर्नेसमध्ये 550 डिग्रीला चार तास. पहिल्यांदा लावलं तेव्हा आमच्या लॅबचे मामा शेजारी उभे होते, तीस वर्षं हीच भट्टी सांभाळतायत. म्हणाले, "पोरी, झाकण नीट बसव आणि एक्झॉस्ट आधी चालू कर, नाहीतर दुपारपर्यंत सगळी बिल्डिंग खोकायला लागंल." खरंच आहे, मेलामाइनचे रेणू एकमेकांना जोडले जाताना अमोनिया सुटतो आणि तो नाकात गेला की डोळ्यांतून पाणी काढतो. झाकण सैल असलं तर मेलामाइन वितळण्याऐवजी उडूनच जातं, झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या सुया जमलेल्या दिसतात आणि खाली क्रुसिबलमध्ये फारसं काही उरत नाही. तापमान मिनिटाला पाच डिग्रीनेच चढवायचं, आणि भट्टी थंड झाल्याशिवाय उघडायची नाही. मग हातात येतो पिवळा, कडक, सच्छिद्र असा गोळा, तो मॉर्टरमध्ये कुटायचा.

पण ही झाली बल्क पावडर. हिचा सरफेस एरिया फारच कमी, ग्रॅमला दहा स्क्वेअर मीटरच्या आसपास. रिॲक्शन सगळी पृष्ठभागावर होते त्यामुळे पातळ पापुद्रे हवेत. त्यासाठी हीच पावडर उघड्या पसरट बोटीत (लांबट भांड्यात) पातळ थर करून परत 500 डिग्रीच्या आसपास हवेत भाजायची, थरांमधले हायड्रोजन बाँड सुटतात आणि थर वेगळे होतात. ह्यात वजन इतकं घटतं की पहिल्यांदा बघणाऱ्याला धसका बसतो. जे उरतं ते एकदम हलकं, बेसनासारखं फिकट, स्पॅच्युलाला चिकटणारं आणि फुंकरीने उडणारं. पाण्यात टाकून सोनिकेट केलं (ध्वनिलहरींनी हलवलं) की दुधट होतं आणि लेझर पॉइंटर मारला तर बीम आरपार दिसतो. एक्सआरडीत (एक्स-रेने थरांची रचना बघतात त्यात) 27.4 डिग्रीची पीक, म्हणजे आलेखातलं टोक, खाली बसते, 13 जवळची अजून पुसट होते. टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी) सॅम्पल मुंबईला आयआयटीच्या सैफ ह्या उपकरण केंद्रात पाठवलं, आणि रिझल्ट येईपर्यंत इकडे लाइट सेटअपच्या मागे लागले.

लाइट सेटअपवर जरा जास्त लिहिते कारण पेपरमध्ये ह्याच्यावर एक ओळ असते, "निळ्या एलईडीखाली इरॅडिएट केलं" आणि संपलं. आमच्याकडे सुरुवातीला स्टीलच्या डब्यात आतून गुंडाळलेली एलईडीची पट्टी होती, इलेक्ट्रिकलच्या दुकानात सजावटीसाठी मिळते ती. भारतात निम्म्या लॅबमध्ये असाच डबा असेल आणि त्यात वाईट काही नाही, स्वस्त आहे, काम करतो. फक्त पट्टीवर नुसतं "ब्लू" लिहिलेलं असतं. फिजिक्सवाल्यांकडून छोटा स्पेक्ट्रोमीटर आणून मोजलं तर आमच्या पट्टीची पीक 465 ला निघाली. आता कार्बन नायट्राइडचं ॲब्सॉर्प्शन (उजेड शोषणं) 460 ला संपत आलेलं असतं, आणि पापुद्रे पातळ केले की बँडगॅप अजून थोडा वाढतो, म्हणजे ती कड आणखी अलीकडे सरकते. थोडक्यात आमचा दिवा पावडरच्या अगदी काठावर उभा होता. पाच-दहा नॅनोमीटरने काय होतंय असं वाटतं, पण काठावर तेवढ्यानेच सगळं ठरतं. मग 450 चे हाय पॉवर एलईडी मागवले, हीटसिंकवर बसवले, खालून पंखा. फ्लास्क आणि दिवा ह्यांतलं अंतर स्केलने मोजून फिक्स केलं, कारण फ्लास्क दोन सेंटीमीटर सरकला तरी फोटॉनचा हिशोब बदलतो. इथे उजेड हा रिएजंट आहे, स्टार्टिंग मटेरियल जसं मोजून टाकतो तसा तोही मोजूनच द्यायला हवा.

आता रिॲक्शन. आम्ही घेतली बेंझिलअमिनपासून (आमचं स्टार्टिंग मटेरियल, एक रंगहीन द्रव) इमिन, म्हणजे कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचं कंपाउंड, बनवायची. बेंझिलअमिनच्या रेणूतून दोन हायड्रोजन निघतात, त्याचं नाजूक इमिन होतं, त्यावर दुसरं बेंझिलअमिन येऊन बसतं, अमोनिया बाहेर पडतो आणि स्थिर इमिन उरतं. दोन अमिन मिळून एक प्रॉडक्ट, त्यामुळे यील्ड काढताना अर्ध्याने हिशोब करायचा हे नव्या मुलांना मी आधीच सांगते. औषधांच्या केमिस्ट्रीत इमिन सतत लागतात, आणि एरवी ती बनवायला आल्डिहाइड वेगळं आणून ठेवावं लागतं. आल्डिहाइड हवेत हळूहळू ॲसिड होतं. इथे फक्त अमिन, ऑक्सिजन आणि उजेड.

बेंझिलअमिनची बाटलीही मन मानेल तशी वापरता येत नाही. झाकणाभोवती पांढरा खरखरीत थर दिसला की समजायचं हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याने धरलाय आणि कार्बामेट तयार झालंय. ते गाळून चालत नाही, डिस्टिल करूनच घ्यायचं. मग अर्धा मिलिमोल अमिन, 20 मिलिग्रॅम पावडर, पाच मिली ॲसिटोनायट्राइल, आधी अंधारात अर्धा तास ढवळायचं म्हणजे अमिन पृष्ठभागावर बसून घेतं, मग ऑक्सिजनचा फुगा आणि लाइट ऑन. सगळं हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) आणि तापमान वाढू न देता, कारण सॉल्व्हंटची वाफ आणि शुद्ध ऑक्सिजन एकत्र आहे हे विसरून चालत नाही. सॅम्पल काढायला सिरिंज फिल्टर, पण पापुद्रे इतके बारीक की फिल्टर चोंदतो आणि जोर लावावा लागतो, त्यापेक्षा आधी सेंट्रिफ्यूज करून वरचं घेतलेलं बरं.

एनएमआर, म्हणजे रेणूतले हायड्रोजन वेगवेगळ्या जागी दाखवणारा स्पेक्ट्रम, बघायची मजा वेगळीच आहे. बेंझिलअमिनचा सीएच-टू 3.9 पीपीएमच्या आसपास असतो, तो दर सॅम्पलला खाली बसत जातो आणि 4.8 ला नवीन सिंगलेट (एकटं टोक) उगवतो, 8.4 जवळ इमिनचा एकटा प्रोटॉन. दहाच्या जवळ काही दिसलं तर बेंझाल्डिहाइड, म्हणजे पाणी आत शिरलंय आणि इमिन फुटतंय. व्हायल उघडली तरी कळतं, कडू बदामाचा वास येतो.

प्रॉडक्ट मिळालं आणि लॅबमध्ये आनंद झाला. सरांनी स्पेक्ट्रम बघितला, छान म्हणाले आणि लगेच "आता ब्लँक लाव" असं सांगितलं, म्हणजे एकेक गोष्ट काढून तीच रिॲक्शन परत करायची. अंधारातला ब्लँक, पावडरशिवायचा, ऑक्सिजनऐवजी नायट्रोजनमधला, आणि फॉइल गुंडाळून 60 डिग्रीला तापवलेला, म्हणजे दिव्याच्या उष्णतेने होतंय का ते कळावं. हे सगळे जवळपास कोरे आले. मग सर म्हणाले पी 25 पण लाव. पी 25 म्हणजे बाजारात मिळणारा टायटॅनिया, साधारण 80 टक्के ॲनाटेज आणि बाकीचा रुटाइल (टायटॅनियाचेच दोन स्फटिक प्रकार), वीस-एकवीस नॅनोमीटरचे कण, शुभ्र पांढरा. पांढरा आहे म्हणजेच तो दिसणारा उजेड शोषत नाही, 450 च्या निळ्याखाली त्याने गप्प बसायला पाहिजे.

तो गप्प बसला नाही. 8.4 ला प्रोटॉन, 4.8 ला सिंगलेट, व्यवस्थित इमिन.

सगळ्यात आधी दिव्यावर संशय. मग एलईडीत अल्ट्राव्हायोलेटची शेपटी आहे का बघितलं, नव्हती. तरी खात्रीसाठी फ्लास्कभोवती सोडियम नायट्राइटच्या एक मोलर द्रावणाचं जॅकेट लावलं. हा जुना आणि स्वस्त फिल्टर आहे, 400 च्या खालचं सगळं तो खाऊन टाकतो आणि वरचं सोडतो, ज्यांच्याकडे महागडा कटऑफ फिल्टर नाही त्यांनी जरूर वापरावा. तरीही इमिन आलंच. मग पेपर वाचताना उलगडा झाला. चीनमधल्या चिंत्साय चाओ ह्यांच्या ग्रुपने 2011 च्या सुमारास हे दाखवलेलं आहे: अमिन टायटॅनियाच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतं आणि तिथे जो सरफेस कॉम्प्लेक्स तयार होतो तो स्वतः दिसणारा उजेड शोषतो. टायटॅनिया एकटा पांढरा, अमिन एकटं रंगहीन, पण दोघं एकत्र आले की निळ्या उजेडाला जागा मिळते. आमच्या पी 25 वर अमिन टाकून डीआरएस (पावडर कुठला उजेड शोषते ते दाखवणारा स्पेक्ट्रम) घेतला तर पांढऱ्या पावडरची कड खरंच 400 च्या पलीकडे लांबलेली दिसली. पावडर हातात घेऊन बघितली तरी किंचित पिवळसर झाक.

ह्याचा आमच्या कामावर थेट परिणाम झाला. कारण आता प्रश्न असा की कार्बन नायट्राइडमध्ये पण पावडर स्वतः उजेड शोषतेय की असाच कॉम्प्लेक्स काम करतोय? नुसतं "ब्लँक कोरा आला" म्हणून हे ठरत नाही. ह्याला उत्तर म्हणजे ॲक्शन स्पेक्ट्रम: 365, 405, 450, 525 अशा वेगवेगळ्या एलईडीखाली तीच रिॲक्शन करायची, प्रत्येकात किती फोटॉन गेले आणि किती प्रॉडक्ट मिळालं ह्याचं प्रमाण काढायचं आणि तो आलेख पावडरच्या ॲब्सॉर्प्शनवर ठेवून बघायचा.

फोटॉन मोजायला फेरिऑक्झॅलेट ॲक्टिनोमेट्री (रसायनाने उजेड मोजायची पद्धत) केली, ती मला ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. पोटॅशियम फेरिऑक्झॅलेटचे पोपटी हिरवे क्रिस्टल अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली तयार करायचे, द्रावण फ्लास्कच्या जागी ठेवायचं, ठरलेले सेकंद उजेड द्यायचा. उजेडाने फेरिक आयर्न फेरस होतं, त्यात फिनान्थ्रोलिन टाकलं की गडद केशरी-लाल रंग येतो, 510 नॅनोमीटरला मोजायचा आणि उलटा हिशोब करून दर सेकंदाला किती फोटॉन आत शिरले ते मिळतं. 500 च्या पुढे मात्र ही पद्धत चालत नाही, हिरव्या एलईडीसाठी पॉवर मीटर वापरावा लागला. आणि पावडर उजेड विखुरते त्यामुळे आपण सांगतो ती अपरंट (वरवरची) क्वांटम यील्ड, म्हणजे दर फोटॉनमागे किती प्रॉडक्ट, खरी नव्हे, हे स्पष्ट लिहायचं. आलेख आला तेव्हा कार्बन नायट्राइडची रेषा पावडरच्या स्वतःच्या ॲब्सॉर्प्शनबरोबर खाली उतरली आणि हिरव्याला शून्याला टेकली. टायटॅनियाची रेषा पावडरच्या नाही तर कॉम्प्लेक्सच्या शेपटीबरोबर गेली. त्या दिवशी मी फार खूश होते, प्रॉडक्ट मिळालं होतं त्यापेक्षा जास्त.

मध्येच एक गोष्ट झाली ती सांगते. एका दुपारी रिॲक्शन अर्ध्यावर असताना लाईट गेली. सीनियर दादा म्हणाला, "आता बसून काय करतेस, सॅम्पल काढत राहा." काढले. लाईट येईपर्यंतच्या सगळ्या सॅम्पलमध्ये प्रॉडक्ट जिथल्या तिथे, लाईट आल्यावर परत चढायला लागलं. दिसायला सुंदर, पण त्यात ढवळणंही बंद पडलं होतं, त्यामुळे पुरावा म्हणून धरता येत नाही. नंतर ढवळणं चालू ठेवून फॉइल गुंडाळून तेच केलं आणि तसंच आलं. पण इथेही थांबायचं नाही. दिवा बंद केला की रिॲक्शन थांबते म्हणून चेन रिॲक्शन (एका फोटॉनने सुरू होऊन पुढे आपोआप चालणारी) नाहीच असं म्हणता येत नाही, कारण रॅडिकलची चेन काही सेकंदांत विझू शकते आणि आपण सॅम्पल काढतो मिनिटांनी. 2015 मध्ये सिस्मेशिया आणि यून ह्यांनी हे फार स्वच्छ मांडलंय, क्वांटम यील्ड मोजल्याशिवाय चेनबद्दल बोलू नये. तरी अजून कित्येक पेपरमध्ये ऑन-ऑफचा जिना दाखवून विषय संपवतात, ते मला पटत नाही.

स्कॅव्हेंजरचंही तसंच. पद्धत अशी की होल (उजेडाने इलेक्ट्रॉन उठल्यावर मागे उरलेली रिकामी जागा) पकडायला एक, सुपरऑक्साइडला (इलेक्ट्रॉन घेतलेल्या ऑक्सिजनला) एक, हायड्रॉक्सिल रॅडिकलला एक असे पदार्थ टाकायचे आणि कुठल्याने रिॲक्शन मंदावते ते बघायचं. सुपरऑक्साइडसाठी सगळे बेंझोक्विनोन टाकतात. आमच्या फ्लास्कमध्ये बेंझोक्विनोन टाकल्याटाकल्या, दिवा लावायच्या आधीच, द्रावण लालसर तपकिरी झालं. कारण क्विनोनवर अमिन सरळ जाऊन बसतं, शिवाय क्विनोन स्वतः निळा उजेड खातं. मग रिॲक्शन मंदावली त्याचा अर्थ काय लावणार? त्यामुळे आम्ही ते सोडून दिलं आणि डीएमपीओ (रॅडिकल पकडून ठेवणारा पदार्थ) टाकून ईएसआर (रॅडिकल ओळखणारा स्पेक्ट्रम) केला, त्यात सुपरऑक्साइडची खूण मिळाली.

ती मिळणं हिशोबातही बसतं. कार्बन नायट्राइडचा कंडक्शन बँड (उठलेला इलेक्ट्रॉन असतो ती पातळी) उणे 1.1 व्होल्टच्या आसपास, तिथून ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड करणं सहज जमतं. आणि व्हॅलन्स बँड (होल असतो ती पातळी) अधिक 1.6, एवढ्यात पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनत नाही. सिंथेसिसला हेच पाहिजे. टायटॅनियाचा होल अल्ट्राव्हायोलेटखाली 2.7 व्होल्टचा, तो हायड्रॉक्सिल बनवतो आणि तो रॅडिकल समोर येईल त्याला पार कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेऊ शकतो. घाण पाणी स्वच्छ करायला हे उत्तम, पण आपल्याला रेणू मधल्या पायरीवर थांबवायचाय, तिथे इतकी ताकद नको. ताकद जास्त म्हणजे कॅटॅलिस्ट चांगला हा समज मला पहिल्या वर्षी होता, तो ह्या दोन आकड्यांनी गेला.

बाकी सब्स्ट्रेट टेबल (वेगवेगळी अमिन घेऊन केलेल्या रिॲक्शनचा तक्ता) सगळ्यांचं असतं तसं आमचंही झालं. मेथॉक्सी असलेलं बेंझिलअमिन भराभर, ट्रायफ्लुओरोमिथाइलवालं रेंगाळत, साखळीवालं हेक्झिलअमिन जवळपास हललंच नाही. रिसायकलमध्ये पावडर परत परत वापरता आली, ॲक्टिव्हिटी हळूहळू उतरली, त्यातला काही भाग खरोखरचा आणि काही भाग सेंट्रिफ्यूजच्या ट्यूबला चिकटून राहिलेल्या पावडरचा. प्रत्येक वेळी वजन करून सब्स्ट्रेट त्या प्रमाणात कमी केलं तेव्हा उतार सौम्य झाला.

शेवटी एप्रिलच्या उन्हात गच्चीवर लावली. 1912 मध्ये इटलीतल्या बोलोन्याचे केमिस्ट चामिचान ह्यांनी न्यूयॉर्कला भाषण दिलं होतं, धुराड्यांशिवायचे काचेचे कारखाने उन्हावर चालतील असं त्यात म्हटलं होतं, आणि ते स्वतः गच्चीवर बाटल्या मांडून वर्षानुवर्षं प्रयोग करायचे. मी पाण्याच्या टबात फ्लास्क ठेवले म्हणजे तापमान आवरतं, बाजूला पॉवर मीटर, आणि बॅटरीवरचा स्टरर. एका फ्लास्कला नायट्राइटचं जॅकेट, एक तसाच. ढग आला की मीटरचा आकडा धाडकन खाली, ऊन आलं की वर, त्यामुळे वेळेवर नाही तर एकूण मिळालेल्या उजेडावर हिशोब केला. जॅकेटवाल्यातही इमिन भरपूर मिळालं, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट काढून घेतलं तरी आपल्या पावडरचं काम चालतं. मामा वर आले, टबात बोट घालून पाणी बघितलं आणि विचारलं, "वीज लागली नाय म्हणतीस?" नाही लागली म्हटलं, तर बराच वेळ फ्लास्ककडे बघत उभे राहिले.

आता पुढचं काम म्हणजे पावडर दरवेळी गाळायची कटकट काढणं. काचेच्या मण्यांवर पापुद्रे बसवून ते नळीत भरायचे आणि द्रावण वरून सोडायचं असं चालू आहे. कोटिंग ॲसिटोनायट्राइलमध्ये धुतलं जातंय, म्हणून मण्यांना आधी अल्कलीत खरबरीत करून बघतेय, पहिली बॅच ओव्हनमध्ये आहे.